सेकंड-हँड बीएमडब्ल्यू ३२०डी: गाडी जुन्या भावात, पार्ट्स नव्या भावात

एका नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या पैशात आठ-दहा वर्षं जुनी ३२०डी सहज मिळते, आणि एकदा स्टिअरिंग हातात आलं की ती एसयूव्ही विसरायला होते. घाटात वळणावर दबून चालणं, आठ गिअरचं मऊसूत ऑटोमॅटिक, हायवेवर डिझेलची काटकसर, या बाबतीत गाडीबद्दल जे बोललं जातं ते खरं आहे. तक्रार हिशेबाची आहे. गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, पण तिचा हेडलॅम्प, सस्पेन्शनचा आर्म, टायर यांचा उतरत नाही. खिशात पैसे जुन्या गाडीचे आणि बिलं चाळीस लाखांच्या गाडीची, असा तो मामला आहे.

इथे बोलतोय ते एफ३० पिढीबद्दल. भारतात ती २०१२ मध्ये आली, जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात व्हायची, आणि २०१९ मध्ये तिची जागा जी२० या पुढच्या पिढीने घेतली. सुरुवातीच्या गाड्यांत एन४७ इंजिन आहे, १८४ हॉर्सपॉवर आणि ३८० न्यूटन मीटरचं. २०१६ च्या फेसलिफ्टनंतर बी४७ आलं, १९० आणि ४०० चं. आकड्यांतला फरक चालवताना फारसा कळत नाही, पण विकत घेताना बी४७ च घ्यावं. विक्रेता वर्ष काहीही सांगो, इंजिन नंबरची सुरुवात आरसीवर आणि ब्लॉकवर वाचून घ्या.

कारण टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ ठेवणारी साखळी. एन४७ मध्ये ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन ताणली किंवा तिचं प्लॅस्टिक गाइड झिजलं, तर नुसतं पुढचं कव्हर उघडून भागत नाही, गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो नाहीतर अख्खं इंजिनच. चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट यांच्या किटपेक्षा मजुरी जड जाते. चेन चालत्या गाडीत तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग दुरुस्ती करायची की दुसरं इंजिन शोधायचं, एवढाच प्रश्न उरतो. एफ३० मधलं एन४७ हे सुधारलेलं आहे, आधीच्या गाड्यांइतकं बदनाम नाही. तरीही तेल बदलणं लांबवलेली गाडी असेल तर धोका राहतोच. बी४७ मध्येही चेन मागेच आहे, पण तिच्याबद्दलची ओरड बरीच कमी.

तपासायचं कसं? विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करून १५०० ते २००० आरपीएमवर धरा आणि आवाज पुढून ऐकू नका, काचेच्या बाजूला, फायरवॉलजवळ कान द्या. इंजेक्टरची टकटक नियमित असते. चेनचा आवाज सायकलच्या सैल चेनसारखा खरखरता असतो आणि आरपीएमबरोबर वाढतो. विक्रेता "सगळ्या डिझेलना असा आवाज असतोच" म्हणाला, तर भाव करण्याऐवजी चहा पिऊन परत या.

एन४७ बघताना क्रँकच्या पुलीचं रबरही टॉर्च मारून बघा. त्याला भेगा पडतात, मग पुली डोलते आणि पट्टा कडेने कुरतडला जातो.

चेनपेक्षा गुपचूप वाढणारं दुखणं म्हणजे ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. तो थंड करायला कूलंट वापरतात. कूलरला आतून चीर गेली की कूलंट धुरात मिसळतं, काजळीशी त्याचं चिकट लुकण तयार होतं आणि ते इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, साचत जातं. तापलेल्या धुराबरोबर ते पेटूही शकतं. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू डिझेल गाड्यांना आगी लागल्या त्या याच कारणाने, आणि कंपनीला मोठा रिकॉल काढावा लागला, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्यासाठी खूण साधी आहे: खाली थेंब नाही, पाइप ओला नाही, तरी कूलंटची पातळी उतरतेय. अशी गाडी आधी ईजीआर कूलर तपासल्याशिवाय पुढे दामटू नये. आणि घेण्याआधी चेसिस नंबरची शेवटची सात अक्षरं-आकडे अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन या गाडीवर कुठलं रिकॉलचं काम बाकी आहे का, हे विचारून घ्यावं. याला पैसे पडत नाहीत, आणि तरीही फार थोडे लोक विचारतात.

कूलंटचं मिश्रणही इथे बघा. कंपनीचं निळं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं घालायचं असतं. मधल्या मालकाने बोअरचं पाणी ओतत नेलं असेल तर क्षार धरतो, झाकणाखाली तपकिरी गाळ दिसतो. तो दिसला की रेडिएटर, थर्मोस्टॅट, हीटर सगळ्यांचाच संशय घ्या.

थर्मोस्टॅट बिघडला की गाडी बहुधा गरम होत नाही, उलट गरजेपेक्षा थंड राहते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर हायवेवर नीट चाललेल्या इंजिनाचं तापमान ९० अंशांच्या आसपास दिसायला हवं. ते ७०-७५ वर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि डिझेल जास्त जळतंय ते त्यामुळेही.

आता गिअरबॉक्स. झेडएफचा आठ गिअरचा हा बॉक्स गाडीतला सर्वात चांगला भाग म्हणावा लागेल, आणि सर्वात जास्त दुर्लक्षित तोच. कारण गाडीच्या कागदांत ऑइल "लाइफटाइम" म्हटलंय. गंमत अशी की बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. "लाइफटाइम" कोणाचं, हा प्रश्न तिसऱ्या मालकाने स्वतःला विचारावा. लक्षणं अशी: सिग्नलला थांबत येताना दुसऱ्यावरून पहिल्यावर हलका धक्का, सकाळी डी टाकल्यावर क्षणभर उशीर.

काम करून घेताना हे बघा. आधी भरायचा प्लग उघडावा, मग रिकामं करायचा. भरायचा प्लग जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन गाडी लिफ्टवर अडकून बसते. फिल्टर आणि प्लॅस्टिकची पॅन एकत्रच असतात, म्हणून पॅन नवीच येते. तिचे बोल्टही नवे घालून १० न्यूटन मीटरवर कसतात, मनगटाच्या अंदाजाने नाही. पॅन उतरवल्यावर साधारण पाच-सहा लिटर निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि बॉक्स यांच्या मधला भाग) राहतं, त्यामुळे झेडएफच्या किटमध्ये सात लिटर येतं ते पुरतं. इंजिन बंद ठेवून भरून प्लग लावला तर बॉक्स अर्धपोटी राहतो. भरल्यावर इंजिन सुरू करायचं, ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये काही सेकंद फिरवायचं, परत पी, आणि ऑइल ३० ते ५० अंशांत असताना, इंजिन चालूच ठेवून, प्लगमधून बारीक धार येईपर्यंत भरायचं. ज्या गॅरेजमध्ये तापमान बघायला स्कॅनरच लावत नाहीत, तिथे हे काम देऊ नये.

त्याच वेळी एक छोटी वस्तू मागून घ्या: बॉक्सच्या बाजूला जिथे वायरिंगचा मोठा प्लग लागतो, तिथली प्लॅस्टिकची स्लीव्ह. तिचे रबर रिंग कडक होतात आणि ऑइल झिरपून पॅनच्या कडेला जमतं. सगळे पॅनचं गॅस्केट बदलत बसतात, गळती मात्र तशीच.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात. बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ मान्यतेचं ५डब्ल्यू-३०, एन४७ ला ५.२ लिटर. गाडीचा डिस्प्ले दाखवतो तो अंतराचा आकडा पहिल्या मालकाच्या सोयीचा आहे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. चेनचं आयुष्य याच्यावरच आहे. डिझेल फिल्टरही याच हिशेबाने लवकर बदलावा.

सस्पेन्शन हा आपल्या रस्त्यांचा प्रांत. मुंबई-गोवा महामार्गाचा पावसाळ्यातला एखादा पट्टा, किंवा गावात शिरताना रंग न मारलेला गतिरोधक, एवढं पुरतं. पुढच्या टेन्शन स्ट्रटच्या (पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक आर्म) रबरी बुशमध्ये द्रव भरलेला असतो. बुश फुटला की तेलकट डाग खाली उतरलेला दिसतो आणि ८०-१०० च्या वेगात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं. बरेच मेकॅनिक ही थरथर डिस्कवर ढकलतात, डिस्क घासून देतात, आणि थरथर जागच्या जागी. लेमफोर्डर कंपनीचा आर्म मिळाला तर घ्यावा, बॉक्सवरचा लोगो सोडला तर बीएमडब्ल्यूचा पुरवठादार तोच, भावात मात्र फरक. लोकल आर्म पहिल्या पावसाळ्यात बोलायला लागतो.

बसवताना होणारी चूक ही: गाडी लिफ्टवर लटकत असताना बुशचे बोल्ट पक्के कसतात. रबर त्या लटकलेल्या स्थितीत घट्ट होतं, गाडी खाली आली की पिळवटलं जातं आणि नवा बुश महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हाताने लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टॉर्कने कसायचे. मग अलाइनमेंट.

खालचं प्लॅस्टिकचं आवरण बहुतेक जुन्या गाड्यांत अर्धं गायब असतं, क्लिप न मिळाल्यामुळे प्लॅस्टिकचे टाय बांधलेले. ते नसलं की रस्त्यावरचा चिखल थेट पट्ट्यावर आणि अल्टरनेटरवर. क्लिप मागवून घ्या, स्वस्त असतात.

टायर रनफ्लॅट, १७ इंची चाकांवर २२५/५० आर१७. पंक्चर झालं तरी ८० किमी, ८० च्या वेगात, हे वचन खरं आहे. पण बाजूची भिंत इतकी ताठ की खड्ड्यात फुगा येतो आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. स्टेपनी गाडीत असेलच असं नाही. साधे टायर टाकले तर चाल मऊ होते, हा बदल डोळे झाकून करावा; सोबत बारीक स्पेअर चाक, जॅक आणि पाना मात्र बूटमध्ये हवाच, नाहीतर आंबोलीच्या उतारावर टो ट्रकची वाट बघत बसावं लागेल.

बॅटरी बूटच्या उजव्या बाजूला, एजीएम प्रकारची. नवी बसवली की गाडीत तिची नोंद स्कॅनरने करावी लागते. नाही केली तर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते, आणि नवी वेळेआधी संपते. नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडून घेऊन परस्पर लावलेली बॅटरी, हे जुन्या गाडीत हमखास सापडणारं दृश्य.

विम्याचं तेवढं बघा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा कापतात. बंपर आणि हेडलॅम्प या गाडीत त्यातच येतात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, जुन्या गाडीला मिळेलच असं नाही, म्हणून सौदा करण्याआधी विमा कंपनीला गाडीचं वर्ष सांगून विचारा. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर त्या एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो खर्च साध्या पॉलिसीत सहसा नाकारला जातो. दोरीने ओढू नका, टो ट्रकवर चढवून न्या.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांचा मोह अनेकांना होतो. तिथल्या दहा वर्षांच्या डिझेलवरील निर्बंधांमुळे भाव पडले हे खरं, पण महाराष्ट्रात नोंदवताना एनओसी, इथला कर आणि हेलपाटे जोडून हिशेब करा. मीटर फिरवलं आहे का ते फक्त डॅशबोर्डवर कळत नाही. किलोमीटरची नोंद गाडीतल्या इतर मॉड्युलमध्येही असते, ती अधिकृत स्कॅनरवर ताडून बघायला लावा. आकडे जुळत नसतील तर बाकी काहीच बघू नका.

गॅरेज निवडताना कोणाच्या भिंतीवर किती लोगो आहेत त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. बॅटरीची नोंद करता का, आणि गिअरबॉक्सचं ऑइल किती अंशांवर मोजता? उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे चला. अधिकृत सेंटरमध्ये निदान सहसा बरोबर येतं, पण बुश खराब असेल तर आर्म, आर्म खराब असेल तर जोडी, असं बिल वाढतं. म्हणून निदान तिथे आणि काम चांगल्या खासगी गॅरेजमध्ये, पार्ट बॉक्ससकट बघून, हा मध्यम मार्ग आहे.

पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवता येत नसेल, किंवा घरात हीच एकमेव गाडी असणार असेल, तर ३२०डी घेऊ नये. पैसे आहेत, दुसरी गाडी आहे आणि बी४७, २०१६ नंतरची, बिलांसकट मिळत असेल, तर घ्यावी; ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी तेलं, फिल्टर आणि कूलंट बदलून टाकावं, विक्रेत्याने "आत्ताच केलंय" म्हटलं तरी.