गोळी न देणारं मेडिकल

घराच्या आसपास चार मेडिकल आहेत, तरी मी आता पंधरा मिनिटं चालत या दुकानात येते.

बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. तेव्हापासून रोज ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. गेल्या महिन्यात त्यांची दाढ ठणकायला लागली, म्हणून रात्री साडेनऊला मी इथे आयबुप्रोफेन ४०० ची पट्टी मागितली. काउंटरवरच्या ताईंनी पट्टी काढली, पण हातात दिली नाही. ‘कुणासाठी? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’

अ‍ॅस्पिरिनचं नाव ऐकताच पट्टी परत खणात गेली. मागे लोक चुळबुळत होते, तरी त्यांनी मला नीट समजावलं. प्लेटलेटमधल्या, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींमधल्या, एका एन्झाइमवर अ‍ॅस्पिरिन कायमची ठाण मांडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून ती जगते तेवढे सात ते दहा दिवस तिचा चिकटपणा कमीच राहतो. ‘आयबुप्रोफेन काय करते, एस.टी.त रुमाल टाकून तीच जागा धरते. अ‍ॅस्पिरिन येते, जागा नाही म्हणून निघून जाते. काही तासांनी रुमाल उचलला की सीट मोकळी, आणि प्लेटलेट पुन्हा गुठळी करायला तयार!’ एखाद्या गोळीने फारसं बिघडत नाही, पण दाढदुखीत दिवसाला तीन-तीन होतात. शिवाय दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

घरी येऊन वाचलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, २००६ मध्येच सांगितलंय: आयबुप्रोफेन साध्या अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने घ्या, नाहीतर आठ तास आधी. बाबांची गोळी मात्र वेष्टनाची, आतड्यात विरघळणारी. तिला हा हिशेब लावता येत नाही, हेही ताईंनी सांगितलं होतं.

त्यांनी पॅरासिटामॉल दिली, आठ रुपयांचीसुद्धा पावती केली. वर बजावलं, ‘दाढ काढायची म्हणून अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.’ शेजारच्यांनी आठवडाभर बंद करायचा सल्ला दिलाच होता! डॉक्टर चालू ठेवा म्हणाले. दाढ निघाली, कापूस थोडा जास्त वेळ दाबून धरावा लागला, एवढंच.

याआधी दुसऱ्या एका दुकानात हीच पट्टी मला एकही प्रश्न न विचारता मिळाली होती. त्याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

संध्याकाळी सात ते नऊ फार गर्दी असते आणि गाडी लावायला जागा नाही. काही विचारायचं असेल तर दुपारी जा, जुनी प्रिस्क्रिप्शन सोबत न्या. ताई सगळी वाचतात.