एडी ९८५१ आणि तीन क्लॉक : आठ महिने वापरल्यावर

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात एडी ९८५१चं मॉड्यूल मी पहिल्यांदा माझ्या हॅम (हौशी रेडिओ) रिसीव्हरला जोडलं. ही डीडीएस चिप आहे: क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक ठोके देणाऱ्या ऑसिलेटरच्या, आधारानं ती हवी ती फ्रिक्वेन्सी आकड्यांतून तयार करते. आता गणपती बसलेत. मधल्या आठ महिन्यांत मॉड्यूल तेच राहिलं, रिसीव्हरही तोच राहिला, क्लॉक मात्र तीन झाले. त्यामुळे हा अनुभव चिपचा कमी आणि क्लॉकचा जास्त आहे.

रिसीव्हर अगदी साधा आहे: डायरेक्ट कन्व्हर्जन (सिग्नल एकाच पायरीत आवाजात उतरवणारा), ४० आणि २० मीटरच्या बँडांसाठी, म्हणजे साधारण ७ आणि १४ मेगाहर्ट्झसाठी. डायोडचा मिक्सर, आणि त्याच्यापुढे थेट ऑडिओ. मधे आयएफ, म्हणजे मधली फ्रिक्वेन्सी, नसल्यामुळे डीडीएस ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतो, आणि त्याच्या पोटात जी काही घाण असेल ती सरळ कानात येते.

सुरुवातीला मॉड्यूलवरचा ३० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटरच ठेवला होता. चिप आतल्या आत त्याला ६नं गुणून १८० करते. पहिला महिना मी खूश होतो. मग एका रविवारी सकाळी होटगी रोडचे काका ७.१४० मेगाहर्ट्झवर बोलायला लागले. इथले आम्ही सगळे हॅम त्यांना काकाच म्हणतो. मी ७.१५९च्या आसपास एका लांबच्या स्टेशनला ऐकत होतो, म्हणजे काकांपासून जवळजवळ २० किलोहर्ट्झवर. काकांच्या तोंडून शब्द निघाला की माझ्या हेडफोनात खरखर वाढायची, ते श्वास घ्यायला थांबले की खाली बसायची. आवाज काकांचा नाही, नुसती खरखर, पण त्यांच्या बोलण्याच्या लयीत. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, तुमचा सिग्नल पसरतोय." ते म्हणाले, "आधी तुझा ऑसिलेटर बघ, मग माझ्याकडे ये."

मग मी डीडीएस काढून ७.१५९ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक साधा ऑसिलेटर बांधला आणि तो मिक्सरला दिला. काकांना पुन्हा बोलायला लावलं. खरखर नाही. ट्रान्समीटर तोच, अँटेना तीच, तेव्हा दोष माझ्याकडेच होता. ही तपासणी प्रत्येकानं करावी. अर्ध्या तासात कळतं की दोष कुणाचा.

दोष येतो कुठून तेही सांगतो. क्लॉकच्या ठोक्यांत बारीक थरथर असते, तिला फेज नॉइज म्हणतात; शेजारचा जोरदार सिग्नल तिच्याशी मिसळला की खरखर होते. क्लॉकला ६नं गुणलं की हा फेज नॉइज १५.६ डेसिबलनं वाढतो. गुणाकार कुठल्याही पद्धतीनं करा, एवढी किंमत द्यावीच लागते. पण चिपमधला गुणाकार पीएलएलनं, म्हणजे क्लॉकच्या मागे धावणाऱ्या आतल्या दुसऱ्या ऑसिलेटरनं, होतो, आणि त्या पीएलएलचा स्वतःचा नॉइज वर जमा होतो. डेटाशीटमध्येसुद्धा मल्टिप्लायर (हा आतला गुणाकार) चालू असताना आणि बंद असताना फेज नॉइजचे आकडे वेगवेगळे आहेत, चालू असतानाचे वाईट. उलट १२५ किंवा १८० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवरून ७ मेगाहर्ट्झवर उतरताना डीडीएस एक प्रकारे भागाकार करतो, त्यामुळे क्लॉकचा नॉइज आउटपुटला २५ ते २८ डेसिबलनं कमी दिसतो. म्हणजे क्लॉक मुळात स्वच्छ असेल तर ही चिप चांगलीच चालते. तिला आतला गुणाकार करायला लावू नये, एवढंच.

मधे पॉवर सप्लायही सुधारला. ऑसिलेटर आणि चिपला हुकूम देणारा आर्डुइनो बोर्ड एकाच ५ व्होल्टवर होते. ऑसिलेटरला वेगळा रेग्युलेटर, पुढे १० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावल्यावर डिस्प्लेची टिकटिक गेली, पण काकांची खरखर तशीच राहिली.

मार्चमध्ये हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन तापकीर गल्लीतून १०० मेगाहर्ट्झचा एक जुना क्रिस्टल ऑसिलेटर आणला. तो कुठल्यातरी कम्युनिकेशन बोर्डावरून काढलेला होता, साइन आउटपुटचा. मॉड्यूलवरचा कॅन, म्हणजे ऑसिलेटरची डबी, उपटला, आखूड कोॲक्सनं हा जोडला, आणि आउटपुटला काहीच धड येईना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सापडलं: चिपला जाणाऱ्या ४० बिटांपैकी फ्रिक्वेन्सीच्या ३२ बिटांनंतरचा पहिला बिट मल्टिप्लायरचा असतो, आणि कोडमध्ये तो १च राहिला होता. चिप १००ला ६नं गुणू पाहत होती! तो ० केला आणि ७.१०० मेगाहर्ट्झसाठी ३०४९४२६७८ हा आकडा पाठवला, तेव्हा सगळं जागेवर आलं. साइन क्लॉक देताना पिनला दोन रेझिस्टरनं सप्लायच्या मध्यावर, म्हणजे २.५ व्होल्टवर, बायस द्यावा लागतो आणि सिग्नल ०.०१ मायक्रोफॅरडमधून आणावा लागतो. लाट जितकी मोठी, तितकी ती मध्यरेषा उभ्या चढानं ओलांडते आणि जिटर, म्हणजे ठोक्यांची थरथर, कमी होतो.

काकांची खरखर गेली. ते भर जोरात बोलत असताना मी १५ किलोहर्ट्झवरचा कमजोर सिग्नल ऐकला. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

पाचव्या दिवशी डायल ७.१४२८०वर नेली आणि स्वच्छ शिटी ऐकू आली. अँटेना काढली तरी ती होतीच. डायल १० हर्ट्झ हलवली तर शिटी १४० हर्ट्झनं बदलायची. एवढ्या वेगानं बाहेरचं कुठलंच स्टेशन सरकत नाही, म्हणून वही घेऊन बसलो.

डीडीएसमधला डॅक, म्हणजे आकड्यांची लाट करणारा भाग, परिपूर्ण नसतो, तो हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटी) तयार करतो. अर्ध्या क्लॉकच्या, म्हणजे इथे ५० मेगाहर्ट्झच्या वर गेलेला प्रत्येक हार्मोनिक घडी घालून खाली येतो. सोलापूरच्या माणसाला चादरीची घडी काय समजावून सांगायची! ५०वर घडी घातली की ९२ येऊन ८वर पडतो, ९३ येऊन ७वर. आता ७.१४२८ला १३नं गुणा: ९२.८५६४. घडी घातल्यावर तो ७.१४३६वर पडतो, माझ्यापासून ८०० हर्ट्झ वर. १५वा हार्मोनिक पडतो ७.१४२०वर, ८०० हर्ट्झ खाली. शिटी ८००चीच होती. १००ला १४नं भागलं की ७.१४२८५७ येतं, सगळा दोष त्या भागाकारात आहे. डायल ७.१४०वर ठेवली तर हीच भुतं, म्हणजे घडी घालून आलेले हार्मोनिक्स, ७.१००वर आणि ७.१८०वर उभी असतात आणि तिथली जोरकस स्टेशनं पुसटशी आत आणतात. मग २० मीटर पाहिला: १००ला ७नं भागलं की १४.२८५७, तेही बँडच्या आत. तिथे सहावा आणि आठवा हार्मोनिक, क्रमांक लहान म्हणून शिटी कितीतरी मोठी.

एवढा शांत ऑसिलेटर, आणि माझ्या दोन्ही बँडांसाठी त्याचा आकडाच चुकीचा. हे गणित पुण्याला जाण्याआधी करायला हवं होतं.

म्हणून तिसरा क्लॉक १२५चा. १२५ला १७नं भागा, ७.३५३, १८नं भागा, ६.९४४. दोन्ही बँडबाहेर. ८नं १५.६२५, ९नं १३.८८९, तेही बाहेर. बँडच्या खालच्या टोकाला, ७.०००वर आणि १४.०००वर, भुतं १ मेगाहर्ट्झ लांब असतात, पुढचा बँडपास फिल्टर त्यांना अडवतो. १२५ची दुप्पट २५०, तिला ३५नं भागलं की पुन्हा ७.१४२८ येतं, पण तो ३४व्या-३६व्या हार्मोनिकचा मामला आहे, मला काही ऐकू आलं नाही. १८०चा आकडाही तसा वाईट नाही, २५नं भागून ७.२ येतो, म्हणजे आपल्या बँडचं अगदी टोक.

पहिला १२५चा कॅन मात्र फसवा निघाला. विक्रेत्यानं क्रिस्टल ऑसिलेटर म्हणून दिला, लावल्यावर काकांची खरखर परत आली. तो प्रोग्रामेबल जातीचा होता, आत पीएलएल. कुठलीही फ्रिक्वेन्सी मागा, लगेच मिळते असं कुणी म्हणालं की आधी हे विचारा. दुसरा कॅन ठरावीक फ्रिक्वेन्सीचा घेतला आणि तोच आजवर चालू आहे. तो ३.३ व्होल्टचा आहे आणि चिप ५ व्होल्टवर, म्हणून त्यालाही तोच कपॅसिटर आणि तोच बायस लागला. खरं सांगायचं तर १००चा ऑसिलेटर याच्यापेक्षा थोडा जास्त शांत होता. तरी मी १२५च निवडेन, कारण पूर्ण बँडभर डायल फिरवताना एकही शिटी लागत नाही.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सकाळपासून दुपारपर्यंत हा कॅन २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) सरकला, ७.१वर सुमारे १४० हर्ट्झ. थर्मोकोलच्या डबीत ठेवल्यावर सरकणं मंद झालं. जीपीएस मॉड्यूलच्या सेकंदाच्या पल्सशी मोजून क्लॉकचा खरा आकडा कोडमध्ये घालतो. उन्हाळ्यात तो दोनदा बदलावा लागला, पावसाळ्यात एकदाही नाही.

आता १० मीटरसाठी फिल्टर गुंडाळतोय. तिथलं गणित आधीच केलंय: १२५ची तिप्पट ३७५, तिला १३नं भागलं की २८.८४६, बँडच्या मधोमध. बारावा आणि चौदावा हार्मोनिक. फिल्टर झाला की आधी तिथेच डायल नेऊन ऐकणार आहे.