टीसीसीए मागितले, टीसीएल मिळाले

साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर आम्ही चार खोल्यांचे कृषी पर्यटन केंद्र चालवतो आणि तेथे पाहुण्यांसाठी एक लहान जलतरण तलाव बांधलेला आहे. तलाव 30 फूट लांब, 15 फूट रुंद आणि सरासरी 4 फूट खोल आहे. म्हणजे 1,800 घनफूट, आणि एका घनफुटात 28.3 लिटर धरले तर सुमारे 51,000 लिटर पाणी. हा हिशेब सुरुवातीलाच मांडतो, कारण तो तेव्हा केलेला असता तर क्लोरीनच्या पावडरीत झालेली माझी फसवणूक पहिल्याच आठवड्यात उघडी पडली असती. मी मात्र दुकानदाराने सांगितलेल्या मगांच्या हिशेबाने पाण्यात पावडर टाकत राहिलो.

तलाव बांधणाऱ्या ठेकेदाराने जाताना क्लोरीनच्या गोळ्यांची एक बादली ठेवली होती. ती एप्रिलअखेर संपत आली. मे महिन्यात एकही खोली रिकामी नसते, त्यामुळे पुण्याहून माल येण्याची वाट पाहण्यापेक्षा सातारा शहरातच घ्यावा, असा विचार करून मी पाण्याच्या मोटारी, पाइप आणि तलावाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. दुकानदार बोलायला अतिशय गोड होता. "पाणी घेऊन या साहेब, फुकट तपासून देतो," असे त्याने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेले.

दुचाकीच्या डिकीत, मेच्या उन्हात, ती बाटली तासभर तापली होती. उन्हाने आणि उष्णतेने पाण्यातील क्लोरीन उडून जाते, म्हणून ही तपासणी तलावाच्या काठावरच, पाणी काढल्याबरोबर करायची असते, हे मला नंतर समजले. दुकानदाराला ते माहीत नसेल असे मानणे मला अवघड जाते. त्याने थेंब टाकले, पाण्याला जेमतेम फिका रंग आला आणि तो म्हणाला, "क्लोरीन शून्यावर आहे. पाहुणे आजारी पडले तर नाव कुणाचे जाईल?" माणूस घाबरला की भाव विचारत नाही.

मी टीसीसीए, म्हणजे तलावासाठी वापरतात ते तीव्र क्लोरीन, मागितले. ठेकेदाराच्या बादलीतल्या गोळ्या त्याच्याच होत्या. त्याला ट्रायक्लोर असेही म्हणतात आणि त्यात उपलब्ध क्लोरीन, म्हणजे पाणी शुद्ध करायला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, 90 टक्क्यांच्या आसपास असते. दुकानदाराने आतल्या खोलीतून दहा किलोचा पांढरा डबा आणला. त्यावर निळ्याशार पाण्याचे चित्र आणि 'पूल क्लोरीन 90%' एवढाच मजकूर होता; उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना, कमाल किंमत यांपैकी काहीही नव्हते. झाकणाला कंपनीचे सील नव्हते, तपकिरी चिकटपट्टीचे दोन वेढे होते. मी ते पाहिले आणि तरीही 3,200 रुपये मोजले. पक्के बिल मागितल्यावर "टॅक्स वर लागेल, तुमचेच नुकसान," असे ऐकवून त्याने वहीच्या कागदावर 'टी.सी. 10 किलो' असे लिहून दिले. या दोन अक्षरांचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही.

आठवडाभरात पाणी ताकासारखे पांढुरके झाले आणि तळाशी पांढरा थर बसू लागला. ट्रायक्लोर आम्लधर्मी असल्याने पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) खाली यायला हवा होता, तो उलट चढत गेला. मी तक्रार घेऊन गेलो की पुन्हा फुकट तपासणी आणि पुन्हा एक नवी बाटली: पीएच उतरवायला आम्ल, पाणी निवळायला क्लॅरिफायर, मग शेवाळासाठी निळसर द्रावण. तीन आठवड्यांत मी साडेनऊ हजार रुपये त्या काउंटरवर ठेवले आणि तलाव पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागला.

पैशाचे दुःख मी एवढे लांबवून लिहिले नसते. पण एका सकाळी माझ्या पुतण्याने, दुकानदाराच्याच सल्ल्यावरून, ही पावडर तलावात गोळ्या विरघळवण्यासाठी सोडतात त्या तरंगत्या डब्यात भरली. त्या डब्यात ठेकेदाराच्या जुन्या गोळ्यांचे ओले, अर्धवट विरघळलेले तुकडे शिल्लक होते. दोन-तीन मिनिटांत डबा फसफसू लागला, हाताला चटका बसावा इतका तापला, आणि पुतण्याने तो काठावर टाकला तोच झाकण उडून पिवळसर, नाकात सुयांसारखा शिरणारा वायू बाहेर पडला. जागा उघडी होती, वारा दरीकडे वाहत होता आणि पोरगा शहाण्यासारखा वाऱ्याच्या उलट दिशेला पळाला, म्हणून रात्रभराच्या खोकल्यावर आणि दवाखान्यात दिलेल्या वाफेवर निभावले. डब्याचे प्लास्टिक एका बाजूने वितळून वाकडे झाले होते. ट्रायक्लोर आणि कॅल्शियमयुक्त क्लोरीन पावडर एकत्र ओली झाली की क्लोरीन वायू सुटतो, आग लागू शकते, प्रसंगी स्फोटही होतो. म्हणून ती एका भांड्यात, एका मापाने किंवा एका फडताळातही ठेवायची नसतात. पण पावडरीच्या डब्यावर खरे नावच नसेल तर ही खबरदारी घ्यायची तरी कशी?

उलगडा केला तो आमच्या गावच्या पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने. गोंधळ ऐकून ते आले, चिमूटभर पावडर बोटांत चोळली, लांबूनच वास घेतला आणि म्हणाले, "दादा, हे आपलं टाकीतलं टीसीएल हाय. चुन्याचा खकाणा बघा की." ग्रामपंचायतीच्या टाकीत रोज टाकतात ती ही ब्लीचिंग पावडर. ताज्या मालात उपलब्ध क्लोरीन साधारण तेहतीस-चौतीस टक्के असते आणि ओल व उष्णता लागली की तेही झपाट्याने घटते. बाकीचा बराचसा भाग चुन्याचा, म्हणून तो पांढरा थर आणि चढलेला पीएच. आमच्या तलावाला 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) क्लोरीनसाठी 102 ग्रॅम निव्वळ क्लोरीन लागते. ते 113 ग्रॅम ट्रायक्लोरमधून मिळते, तर टीसीएल तीनशे ग्रॅमच्या वर टाकावे लागते. किलोमागे मी दिलेल्या 320 रुपयांत गावाकडच्या दराने कितीतरी किलो टीसीएल आले असते.

मी डबा घेऊन दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने शांतपणे वहीचा कागद मागितला आणि बोट ठेवले: "टी.सी. म्हणजे टीसीएलच. तुम्ही हेच मागितले होते." डब्यावरच्या 90 टक्क्यांचे काय, असे विचारल्यावर "ते छापणाऱ्याला विचारा," हे उत्तर मिळाले. छापणाऱ्याचे नाव डब्यावर नव्हतेच.

आता मी पावतीवर रसायनाचे पूर्ण नाव आणि टक्केवारी लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही आणि सील काउंटरवरच फोडतो. तपासणीचा छोटा संच घरी आणला आहे. आमच्या आरोग्य सेवकाची ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून पाण्यातले क्लोरीन पाहणे, ज्याने पाहिली आहे, त्याला ते मुळीच अवघड नाही. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 असला की मी दुकानाकडे फिरकत नाही.

आवेष्टित वस्तूवर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे वैधमापन शास्त्र विभागाकडे मी डब्याच्या छायाचित्रांसह लेखी अर्ज दिला आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र माल व्यवसायासाठी घेतला होता, असा आक्षेप दुकानदार घेईल, आणि त्यावर स्वयंरोजगारातून उपजीविका चालवणाऱ्याला 2019 च्या कायद्यात दिलेली सवलत मला दाखवावी लागेल. तोवर उरलेली सात किलो पावडर, तो वाकडा डबा आणि वहीचा कागद मी गोठ्यामागच्या कोरड्या खोलीत, गोळ्यांपासून दूर, कुलपात ठेवले आहेत. पाणी सोडणाऱ्यांनी टाकीसाठी पावडर मागितली होती. मी दिली नाही, कारण ती नेमकी किती जुनी आहे आणि तिच्यात आणखी काय मिसळले आहे, हे सांगणारे पावडरीच्या डब्यावर काहीच नाही.