उणे 50 चा गुलाबी कॅन: एका हिवाळ्यानंतर

हिवाळ्यात रिकाम्या घराचे पाइप थंडीने फुटू नयेत म्हणून सिंक-कमोडच्या ड्रेनमध्ये ओततात, त्या गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनवर ठळक अक्षरांत उणे 50 छापलंय. ते फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे साधारण उणे 46 सेल्सिअस. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत एवढी थंडी पडत नाही. तरीही जानेवारीत, तिथल्या आमच्या भाड्याने दिलेल्या घराचा वरचा मजला रिकामा असताना, दोन रात्री वीज गेली आणि किचन सिंकच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वळणदार पाइपात) हाच गुलाबी द्रव बर्फाच्या गोळ्यासारखा रवाळ झाला. खालच्या भाडेकरूने फोटो पाठवला तेव्हा आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, सहा तासांवर. नवरा म्हणाला, "पैसे पाण्यात."

फुटलं मात्र काही नाही. मग लेबलचा बारीक टाइप वाचला. उणे 50 हा आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नव्हे. साधारण उणे 10-12 सेल्सिअसलाच यात बर्फाचे कण धरू लागतात. पण साधं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, घट्ट गोळा होऊन पाइप फाडतं. हा लगदा सरकत राहतो. एवढं महत्त्वाचं वाक्य मागे आणि आकडा पुढे, याबद्दल मी रेटिंगमधला एक तारा कापलाय आणि तो परत देणार नाही.

दुसरं, स्वस्तातला कॅन घेताना घटक वाचा. दीडेक डॉलर वाचवायला मी आधी जो उचलला होता, त्यात इथेनॉल होतं. ते ज्वलनशील, रबरी वायसर कोरडे करतं आणि ट्रॅपमधून लवकर उडतं, मग गटाराचा वास. प्रॉपिलीन ग्लायकॉलवालाच घ्या. गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घराच्या प्लंबिंगमध्ये नको म्हणजे नकोच. आणि ओतताना पाणी मिसळू नका. कमोड फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपा, नाहीतर पातळ होऊन त्याचा जोर जातो. पिण्याच्या पाण्याचे पाइप आम्ही कॉम्प्रेसरने फुंकून रिकामे केले, तिथे याचा संबंध नाही.

आता बॉयलरच्या लूपबद्दल, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवून घर तापवणाऱ्या बंद पाइपांबद्दल. तिथे गुलाबी कॅन चालत नाही, गंज रोखणारी रसायनं घातलेलं वेगळं ग्लायकॉल लागतं. डिसेंबरपर्यंत माझं मत होतं की हा नुसता खर्च आहे: पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, जाड असल्यामुळे पंपावर ताण, आणि आजवर कोरडा असलेला रेडिएटरचा जॉइंट ठिबकू लागला. जानेवारीनंतर मत बदललं. पंप बंद असूनही बाहेरच्या भिंतीचा एकही रेडिएटर तडकला नाही. जुना ओतीव लोखंडी रेडिएटर बदलायचा म्हटलं तर काय पडतं, ते तिकडच्या घरमालकांनाच विचारा.

भांडण झालं ते सर्व्हिसवाल्याशी. लूपमध्ये 50 टक्के ग्लायकॉलचं मिश्रण भरल्याचं बिलावर लिहिलेलं, आणि मार्चमध्ये माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं मीटर) जेमतेम 30. (घेताना त्यावर प्रॉपिलीनची पट्टी आहे ना बघा, इथिलीनच्या पट्टीवर वाचलं तर आकडा चुकतो.) 50 टक्क्यांना गोठणबिंदू उणे 30 सेल्सिअसच्या पलीकडे जातो, 30 टक्क्यांना उणे 13 च्या आसपास. तो म्हणे, "मीटर स्वस्तातलं आहे." शेवटी कारण सापडलं: ऑटो-फिल व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर कमी झालं की आपोआप नळाचं पाणी आत सोडणारा, त्याने उघडाच ठेवला होता. जॉइंटमधून जेवढं ठिबकत होतं, तेवढं नळाचं पाणी गुपचूप आत येत होतं. हिवाळाभर ग्लायकॉल पातळ होत गेलं आणि प्रेशर गेज मात्र एकदम नॉर्मल! नव्या पाच गॅलनचे पैसे त्याने पुन्हा मागितले. मी दिले नाहीत. मजुरी दिली, ग्लायकॉल त्याच्या खर्चाने.

आता व्हॉल्व्ह बंद असतो आणि खालचा भाडेकरू महिन्यातून एकदा गेजचा फोटो पाठवतो. त्याबद्दल आम्ही त्याच्या भाड्यातून थोडे डॉलर कमी करतो. ग्लायकॉल आम्लधर्मी झालंय का ते बघायला पीएच पट्ट्याही आणल्यात, 7 च्या खाली गेलं की लूप धुवून नवं भरायचं. या ऑक्टोबरला 8.5 आलं. गुलाबी कॅन यंदाही घेतलेत, सीझन संपताना सेलमध्ये.