युरेल पासावर समुद्र ओलांडताना

व्हिला सान जोव्हान्नी हे इटलीच्या मुख्य भूमीच्या अगदी टोकाशी असलेले स्थानक. रोमहून सिसिलीकडे निघालेली आमची इंटरसिटी गाडी तिथे थांबली, इंजिन सुटले, डब्यांचे तुकडे झाले आणि शंटिंगचे हिसके देत आमचा डबा माणसाच्या चालीने एका बोटीच्या पोटात ढकलला गेला. खिडकीबाहेर फलाटाच्या जागी रंग उडालेली लोखंडी भिंत आली. खाली उतरायला हरकत नाही, असे गार्डने हातानेच सुचवले, तेव्हा मी आणि ताई अरुंद जिना चढून डेकवर गेलो. आपण ज्या गाडीतून आलो ती पायाखाली आहे, तिच्यात आपल्या बॅगा आहेत आणि समोर मेसिनाचे बंदर हळूहळू जवळ येते आहे, ही जाणीव फार विलक्षण होती. डेकवरच्या उपाहारगृहात भाताचे तळलेले गोळे, म्हणजे तिथले प्रसिद्ध आरांचीनी, घेण्यासाठी रांग लागलेली होती आणि बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर उभी असलेली मेरीमातेची सोनेरी मूर्ती उन्हात चमकत होती. पलीकडे गेल्यावर गाडीचे दोन भाग झाले, एक पालेर्मोकडे गेला आणि दुसरा सिराकुझाकडे.

आमच्याकडे युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे एकच तिकीट, होता. त्यामुळे या समुद्रप्रवासासाठी आम्हाला वेगळे काहीही मोजावे लागले नाही. रोमपासूनच्या आरक्षणाचे प्रत्येकी ३ युरो दिले, तेवढेच. मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर आहे आणि प्रत्यक्ष पाण्यावरचा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास असतो. बाकीचा वेळ डबे चढवण्या-उतरवण्यात जातो. घाई असणाऱ्याला तो वेळ वाया गेलेला वाटेल. मला मात्र संपूर्ण पासाची किंमत तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

आता पासाविषयी. युरेल पास १९५९ पासून युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी विकला जातो. युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ पासून इंटररेल हा वेगळा पास आहे. आम्ही ग्लोबल पास घेतला होता, जो ३३ देशांत चालतो, आणि त्यातला दोन महिन्यांत कोणतेही १५ दिवस वापरण्याचा प्रकार निवडला होता. ताईचे वय ६० च्या वर असल्याने तिला १० टक्के सवलत मिळाली. पास मोबाइलवर येतो, ज्या दिवशी प्रवास करायचा तो दिवस ॲपमध्ये उघडायचा आणि येणारा क्यूआर कोड तपासनिसाला दाखवायचा. यात अवघड असे काही नाही. अवघड जाते ते समुद्राशी आल्यावर, कारण पास घेणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की जमिनीवर जसा तो चालतो तसाच पाण्यावरही चालेल. तसे होत नाही. जिथे समुद्र ओलांडणे रेल्वेच्याच हातात आहे तिथे पास पुरता चालतो. जिथे ते बोटकंपनीच्या हातात आहे तिथे पास म्हणजे फार तर सवलतीची चिठ्ठी असते. हा एक फरक नीट लक्षात घेतला असता, तर आम्ही पासाचे काही दिवस आणि बरेच पैसे वाचवले असते.

पहिल्या प्रकारात मेसिना येते, तसा डेन्मार्कही येतो. कोपनहेगनहून स्वीडनमधल्या माल्मोला जाणारी गाडी ओरेसुंड सामुद्रधुनीवरच्या पुलावरून जाते. २००० साली जुलैत तो सुरू झाला. आधी सुमारे ४ किलोमीटर समुद्राखालचा बोगदा, मग एक कृत्रिम बेट आणि मग जवळजवळ ८ किलोमीटरचा पूल, असा तो मार्ग आहे. आरक्षण लागत नाही, गाड्या दिवसभर सतत असतात आणि पाऊण तासाच्या आत माणूस दुसऱ्या देशात पोहोचतो. स्वीडनच्या हद्दीतल्या ह्युली स्थानकावर पोलीस पासपोर्ट बघायला डब्यात येतात, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी ठेवू नये. हॅम्बुर्गहून कोपनहेगनला येताना मात्र थोडी हळहळ वाटते. जर्मनीतले पुटगार्डेन ते डेन्मार्कमधले रोडबी या मार्गावर डिसेंबर २०१९ पर्यंत अख्खी गाडी बोटीवर चढत असे. ती सेवा आता बंद आहे. गाडी डेन्मार्कच्या यूटलंड द्वीपकल्पामार्गे वळसा घालून, ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीवरच्या पूल-बोगद्यातून येते. पुटगार्डेन आणि रोडबी यांच्यामधल्या फेहमार्न सामुद्रधुनीखाली सुमारे १८ किलोमीटरचा नवा बोगदा बांधला जातो आहे.

इंग्लिश खाडीबाबत आम्ही जाताना एक आणि येताना दुसरा असे दोन्ही मार्ग वापरले, त्यामुळे त्यांची तुलना अनुभवावरून करता येते. जाताना पॅरिसहून लंडनला युरोस्टारने गेलो. १९९४ साली सुरू झालेल्या या बोगद्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर असून त्यातले जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास होतो आणि खाडी ओलांडल्याचे कानांवरच्या किंचित दाबाखेरीज कशानेही कळत नाही. पासधारकांसाठी वेगळे आरक्षणशुल्क असते आणि आयत्या वेळच्या तिकिटाच्या तुलनेत ते फारच कमी असते. परंतु या दराच्या जागा प्रत्येक गाडीत मोजक्याच ठेवलेल्या असतात. गाडीत रिकाम्या जागा आहेत, पूर्ण भाड्याचे तिकीट मिळते आहे आणि तरीही पासधारकांसाठीचा कोटा संपलेला आहे, असे अगदी सहज घडते. त्यामुळे पास विकत घेण्याआधीच आपल्या तारखांना हा कोटा शिल्लक आहे का, हे पाहावे. पास घेतल्यावर पाहणे म्हणजे वरात निघाल्यावर मुहूर्त विचारण्यासारखे आहे. याखेरीज पासाचा एक प्रवासदिवसही खर्च होतो, आणि पॅरिस-लंडन एवढ्याच प्रवासासाठी तो खर्च करणे महागात पडते. आम्ही त्याच दिवशी लंडनहून पुढे यॉर्कपर्यंत गेलो, म्हणून हिशेब जमला.

परतीला इंग्लंडमधल्या हॅरिचहून (लिहिताना मधे ‘डब्ल्यू’ असला तरी तो उच्चारत नाहीत) नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडला रात्रीच्या बोटीने आलो आणि संपूर्ण प्रवासात मला मनापासून शिफारस करावीशी वाटते ती याच मार्गाची. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून निघालेली गाडी दीड तासाच्या आत हॅरिच इंटरनॅशनल स्थानकावर येते आणि हे स्थानक धक्क्याला इतके लागून आहे की फलाटावरून चाकाची बॅग ओढत काही मिनिटांत आपण तपासणीच्या खिडकीशी असतो. साठी ओलांडलेल्या माणसाबरोबर प्रवास करताना ही गोष्ट भाड्यातल्या दहा-वीस युरोंपेक्षा मोलाची ठरते. स्टेना लाइनच्या या मार्गावरच्या दोन बोटी प्रत्येकी २४० मीटर लांब आहेत. रात्री केबिन घेणे सक्तीचे आहे, आणि हे ऐकून आधी आम्ही नाराज झालो होतो. पण केबिनमध्ये स्वच्छ पलंग, धुतलेल्या चादरी, टॉवेल आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळाले. बोट अकराला सुटते, तरी साडेनऊलाच आम्ही आंघोळ करून अंथरुणावर पडलो होतो. बोटीचे भाडे आणि केबिन मिळून दोघींचा जो खर्च झाला, तो लंडनमधल्या आमच्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याच्या घरातच होता. म्हणजे त्या रात्रीच्या मुक्कामाच्या पैशांत समुद्र पार झाला. मध्यरात्रीनंतर बोट जराशी हलू लागली, टेबलावरचा पेला थरथरत काठाकडे सरकू लागला, ताईने तो उचलून बेसिनमध्ये ठेवला आणि ती पुन्हा झोपली.

सकाळी आठला उतरल्यावर मात्र पासाची मर्यादा कळते. हूक ऑफ हॉलंडला पूर्वी रेल्वे होती. २०१७ मध्ये ती बंद करून २०१९ पासून रॉटरडॅमची मेट्रो तिथपर्यंत नेण्यात आली. मेट्रो स्थानक धक्क्याशीच आहे आणि गाड्या भरपूर आहेत, पण मेट्रोवर युरेल पास चालत नाही. बँकेचे कार्ड फाटकाला टेकवायचे, स्खीडामला उतरायचे आणि तिथून रेल्वे पकडायची. बाहेर पडतानाही तेच कार्ड पुन्हा टेकवायला विसरू नये.

याच मार्गाबाबत माझे दुसरे म्हणणे असे की, पास खिशात असूनही तो न वापरणे इथे फायद्याचे ठरू शकते. लंडन ते हॅरिच एवढ्यासाठी आम्ही पासाचा एक अख्खा दिवस उघडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेदरलँड्समध्ये दुसरा. बोट रात्रभर चालली तरी दिवस मध्यरात्रीच बदलतो. रात्रीच्या रेल्वेला फक्त सुटण्याचा दिवस मोजण्याचा जो नियम लागू होतो, तो इथे कामाला येत नाही. त्याऐवजी ‘रेल अँड सेल’ नावाचे जे एकत्रित तिकीट मिळते, त्यात लंडनपासूनची गाडी आणि बोट दोन्ही येतात आणि पासाचा दिवस शाबूत राहतो. आयर्लंडलाही हेच लागू पडते. ब्रिटनच्या कोणत्याही स्थानकापासून वेल्समधल्या होलीहेड बंदरामार्गे डब्लिनपर्यंत ‘सेलरेल’ तिकीट मिळते, त्याचे दर ठरलेले असतात, आयत्या वेळी घेतले तरी ते विमानासारखे चढत नाहीत, आणि बोट सव्वातीन तासांत पोहोचते. पासावरची बोट-सवलत घेण्याआधी या तिकिटाशी तुलना करावी, असा माझा आग्रह राहील.

सवलतीची गोष्ट निघाली म्हणून एक कटू अनुभव सांगते. एका बंदरावर आम्ही पास दाखवून सवलत मागितली. खिडकीवरच्या बाईंनी सौजन्याने पण ठामपणे सांगितले की ही सवलत केवळ ऑनलाइन आरक्षणालाच, तीही आधी कोड घेतला असेल तरच लागू होते. पासाबरोबर आलेल्या माहितीत हे वाक्य होते, हे आम्हाला नंतर सापडले. पण ते तीन पायऱ्या आत दडलेले होते. बोट सुटायला पाऊण तास उरला होता, मोबाइलला रेंज नव्हती आणि आम्ही दोघींचे पूर्ण भाडे भरले. पैशांपेक्षा मला खटकले ते हे, की ‘पासधारकांना सवलत’ एवढेच मोठ्या अक्षरात लिहायचे आणि ती मिळण्याची अट बारीक अक्षरात ठेवायची. सवलत कोणत्या बोटीवर, किती आणि कशी मिळते, हे दरवर्षी बदलू शकते. घरून निघण्यापूर्वीच ती लागू करून तिकीट हातात घ्यावे.

बाल्टिक समुद्रावर स्टॉकहोम ते फिनलंडमधले तुर्कू ही रात्रीची बोट घेतली. इथे मूळ भाडेच इतके कमी होते की पासाच्या सवलतीचा फारसा प्रश्नच उरला नाही. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या बोटी वाटेत फिनलंडच्या ‘ओलांड’ नावाच्या बेटांना थांबतात, आणि ही बेटे युरोपीय संघाच्या अप्रत्यक्ष कराच्या व्यवस्थेबाहेर असल्याने बोटीवर करमुक्त विक्री करता येते. बोटीची कमाई बऱ्याच अंशी त्या दुकानांतून आणि उपाहारगृहांतून होते, म्हणून प्रवासभाडे कमी ठेवणे परवडते. जे बोटीवर खरेदी करत नाहीत त्यांचा यात निव्वळ लाभ होतो. आम्ही पोळ्या आणि चटणी घेऊन चढलो होतो. स्टॉकहोममधून बाहेर पडताना दोन-तीन तास बोट असंख्य लहान बेटांमधून इतक्या जवळून जाते की किनाऱ्यावरच्या लाल लाकडी घरांच्या ओट्यांवर बसलेली माणसे दिसतात. जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड होता आणि ताई डेकवरून हलायला तयार नव्हती. तुर्कूहून हेलसिंकी रेल्वेने दोन तासांच्या आसपास आहे आणि तिथे पास पुन्हा पूर्णपणे उपयोगी पडतो.

इटलीहून ग्रीसला बोटीने जाऊन पुढे रेल्वेने अथेन्स गाठण्याचा बेत कुणी करत असेल, तर पात्रास बंदरापासून अथेन्सपर्यंत सलग रेल्वे नाही, हे ध्यानात ठेवावे. मध्ये बस आहे.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक. पास ३३ देशांचा असला, तरी व्हिसा तसा नसतो. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनपेक्षा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसापेक्षा, वेगळा लागतो, आणि खाडी ओलांडून पुन्हा युरोपच्या भूमीवर यायचे असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा असणे अत्यावश्यक आहे. युरोस्टारला फ्रान्सची तपासणी लंडनमध्येच, गाडीत बसण्यापूर्वी होते. हॅरिचच्या बोटीला ती सकाळी हूक ऑफ हॉलंडला उतरताना होते. कागदांत काही उणे असेल, तर समुद्र ओलांडून गेल्यावर ते कळण्यापेक्षा अलीकडे कळलेले बरे, म्हणून हा फरक नोंदवून ठेवते.

आमच्या १५ दिवसांपैकी ३ दिवस शेवटी न वापरताच राहिले आणि निदान २ दिवस अशा छोट्या प्रवासांवर खर्ची पडले, जे साध्या तिकिटात झाले असते. पुढच्या वेळी मी दोन महिन्यांत १० दिवसांचा पास घेईन, हॅरिचचे तिकीट वेगळे काढीन आणि मेसिनाची गाडी दिवसाचीच निवडीन, कारण रात्रीच्या गाडीत त्या डेकवर जायला झोपेतून उठवावे लागते आणि ताईला कुणी झोपेतून उठवलेले चालत नाही.