मेंढी की वासरू? चर्मपत्र घेण्याआधी

मध्ययुगीन इंग्लंडच्या धर्तीवर पिसाच्या लेखणीने पानं लिहायची असतील, तर चर्मपत्र मेंढीचं घ्यावं की वासराचं, इथे प्रत्येक जण अडतो. मी आधी मेंढीचं घेतलं. एक तर स्वस्त, आणि तिथला अर्धाअधिक कारभार त्यावरच चालला होता.

तो चालणारच. देशच लोकरीवर उभा. १२७५ साली निर्यातीवर जकात बसली, तेव्हा लोकरीच्या एका पोत्याला अर्धा मार्क (मार्क म्हणजे तिथलं हिशेबाचं चलन), आणि लोकरीसकट असलेल्या ३०० कातड्यांनाही तेवढाच. एवढ्या मेंढ्या असल्यावर चर्मपत्र बनवणाऱ्याला कातड्याची ददात कसली!

लिहायला मेंढीचं कातडं छानच आहे. किंचित पिवळसर, जरा तेलकट. खडूची पूड चोळली की शाई बसते. माझं घोडं अडलं ते चूक दुरुस्त करताना. शाई मायफळ-हिराकसाची, आत मुरणारी, त्यामुळे खरवडण्याशिवाय इलाज नाही. पातं आडवं धरून दोनदा फिरवलं आणि अक्षराखालचा पापुद्राच कडेने उचलला गेला. खाली उरली लवदार जागा. तिच्यावर पुन्हा लिहिलं तर शाई फुटली. चार दिवसांचं पान गेलं.

मेंढीच्या कातड्यात चरबी फार. चुन्याच्या पाण्यात ती निघून गेली की वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून सैल होतात. गंमत अशी की राजाच्या खजिन्याला नेमकं हेच हवं होतं. इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहूनच ठेवलंय, की हिशेबाच्या गुंडाळ्या मेंढीच्या कातड्याच्या असाव्यात, कारण खाडाखोड केली की डाग दिसल्याशिवाय राहत नाही.

म्हणून सनद, करारनामा असं काही करणार असाल तर मेंढीचंच घ्या, ते शोभेलही. पण पोथी लिहायची असेल, रंगीत आद्याक्षरं काढायची असतील, तर माझा कल वासराकडे. पैसे बरेच जास्त पडतात, हे खरं. पण खरवडलं की नुसती भुकटी निघते, प्युमिस (ज्वालामुखीतला सच्छिद्र, हलका दगड) हळूच फिरवला की जागा पुन्हा लिहिण्याजोगी होते. तुमचा हात माझ्याहून स्थिर असेल तर मेंढीवरही निभेल कदाचित. मी मात्र उरलेल्या मेंढीच्या तुकड्यांवर आता फक्त लेखणीची धार तपासतो.