टेनियलच्या चित्रांची ‘ॲलिस’: आठ महिने वाचल्यानंतर

‘ॲलिस इन वंडरलँड’ची माझ्याकडे आता दोन पुस्तकं आहेत. दोन्हींवर ‘जॉन टेनियल यांच्या मूळ चित्रांसह’ असं छापलंय. पहिलं ऑनलाइन, स्वस्तात मागवलेलं. दुसऱ्याला तिप्पट पैसे मोजले, कारण त्यात मूळ पुस्तकातली पानांची मांडणी तशीच ठेवलीय आणि ॲलिस आरशातून पलीकडे जाते तो पुढचा भाग, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ही त्याच बांधणीत आहे. गेले आठ महिने माझी सात वर्षांची लेक आणि मी झोपायच्या आधी ते वाचतोय. मी इंग्रजी वाचते आणि लगेच मराठीत सांगते.

स्वस्तातलं पुस्तक नवव्या प्रकरणात बंद पडलं. तिथे ग्रिफन येतो. लेखक लुइस कॅरल त्याचं वर्णनच करत नाही. ग्रिफन म्हणजे काय ठाऊक नसेल तर चित्र बघा, एवढंच सांगतो. लेकीने विचारलं, ‘‘कुठंय चित्र?’’ चित्र नव्हतंच! पुढे खटल्याच्या वेळीही तेच. राजाने केसांच्या टोपावर मुकुट कसा चढवला ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या चित्रात पाहा, असं लिहिलंय, आणि सुरुवातीला कोरं पान. जी चित्रं होती ती कुठूनतरी उचलून मोठी केल्यासारखी, रेघा एकमेकींत मिसळून करडा डाग झालेला. टेनियलला जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे ही चित्रं कुणीही छापू शकतं. पण छापणाऱ्याने निदान पुस्तक एकदा वाचावं ना!

दुसऱ्या पुस्तकात ग्रिफन जिथे हवा तिथेच झोपलेला सापडला. गरुडाचं डोकं, पंख, सिंहाचं अंग. लेक बघताक्षणी म्हणाली, ‘‘आई, हा शिवनेरीवरच्या दगडातल्यासारखा आहे.’’ दरवाज्यावर कोरलेला शरभ, तो सिंहासारखा काल्पनिक पशू, तिला आठवला होता. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

पण ज्याच्यासाठी हे पुस्तक घ्यावं ते सहाव्या प्रकरणात आहे. चेशायर मांजर झाडावर बसलेलं असतं आणि हळूहळू विरत जातं. टेनियलने त्याची दोन चित्रं काढली आणि ती लागोपाठच्या दोन उजव्या पानांवर, सारख्याच जागी येतात. पहिल्यात खाली ॲलिस उभी, वर फांदीवर मांजर. दुसऱ्यात झाड तेच, पण मांजर पुसट होत चाललेलं. पहिल्या पानाचा कोपरा उचलला की मांजर तिथल्या तिथे विरतं. हे मला लेकीने दाखवलं. मी मजकूर वाचत होते, ती कोपरा खालीवर करत होती. पुढे वाचनात आलं की कॅरलने १८९०मध्ये अगदी लहान मुलांसाठी ‘द नर्सरी ॲलिस’ काढलं, त्यात तो स्वतःच मुलांना पानाचा कोपरा उचलायला सांगतो. स्वस्त पुस्तकात पहिलं चित्र प्रकरणाच्या सुरुवातीला चौकटीत बसवलंय, दुसरं गाळलंय.

आरशातल्या भागातही असंच. ॲलिस आरशात शिरते ते चित्र पानाच्या एका बाजूला आणि पलीकडे बाहेर पडते ते त्याच पानाच्या मागच्या बाजूला. म्हणजे कागदच आरसा! पलीकडच्या घड्याळाला म्हाताऱ्याचं हसरं तोंड आहे, ते लेकीने माझ्याआधी हेरलं.

छपाईबद्दल मी एवढी हट्टी का, तर टेनियल माझ्याहून हट्टी होता. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा हा व्यंगचित्रकार. एका डोळ्याने त्याला दिसत नव्हतं. त्याने ‘ॲलिस’साठी ४२ चित्रं काढली, डॅल्झिएल बंधूंनी ती लाकडी ठोकळ्यांवर कोरली, आणि कॅरलने स्वतःच्या खिशातून त्याला १३८ पौंड दिले. १८६५च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डला २००० प्रती छापून झाल्यावर टेनियलने चित्रांची छपाई वाईट आलीय असं कळवलं आणि कॅरलने अख्खी छपाई मागे घेतली. दुसऱ्या मुद्रकाकडून पुन्हा छापून घेतली. ती नोव्हेंबरात आली, पण आत साल १८६६ घातलं होतं. टेनियलच्या सावल्या म्हणजे नुसत्या बारीक रेघांवर रेघा. शाई जरा जास्त झाली की सगळं बुजतं. माझ्या प्रतीत ॲलिसच्या केसांतली रेघन् रेघ सुटी दिसते.

एक सावधगिरी. लुकिंग-ग्लासमधलं जॅबरवॉक या राक्षसी प्राण्याचं चित्र भीतिदायक आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते घालायचा मूळ बेत होता. कॅरलने ओळखीच्या आयांना विचारलं आणि मग ते आत ढकललं. माझ्या लेकीने पहिले दोन महिने त्यावर कागद ठेवायला लावला. आता ती स्वतः ते पान काढते.

वापरून कसं आहे? बांधणी शिवलेली आहे, रोज उघडूनही एक पान सुटलं नाही. कागद मात्र नको तितका पांढराशुभ्र आहे, टेबलावरच्या दिव्याखाली डोळ्यांवर येतो. अक्षर बारीक आहे, सात वर्षांच्या मुलाला स्वतः वाचायला जड जाईल. रंगीत चित्रंच हवी असतील तर ही प्रत घेऊ नका. मला काळीपांढरीच आवडतात, कारण ॲलिसचा झगा कोणत्या रंगाचा यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. सगळीकडे तो निळा दिसतो, ‘नर्सरी ॲलिस’मध्ये पिवळा होता, आणि लेकीच्या मते तो अबोली आहे.

दुकानात जाऊन घेणार असाल तर थेट सहावं प्रकरण उघडा आणि मांजराच्या पानाचा कोपरा उचलून बघा. आमच्या प्रतीत तो कोपरा आता कापडासारखा मऊ झालाय.